नाव जुने, नियम नवे: गाजलेल्या गेमचे पुढचे भाग काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या व्हिडिओ गेमचे रिमेक (नव्याने बनवलेले गेम), रिमास्टर (चित्रे सुधारलेल्या आवृत्त्या) आणि पुढचे भाग काढणारे प्रकाशक, दिग्दर्शक आणि स्टुडिओ यांस

स. न. वि. वि.

मे २०२२ मध्ये सॉनिकच्या जुन्या गेमचा नवा संच यायला महिना उरला असताना त्याच गेमच्या आधीच्या डिजिटल आवृत्त्या बहुतेक दुकानांतून काढून घेण्यात आल्या. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटोच्या तीन भागांची 'डेफिनिटिव्ह' आवृत्ती आली, तेव्हाही जुन्या प्रती विक्रीतून गेल्या. खेळाडूंनी ओरड केली म्हणून पीसीवर त्या परत आल्या. जानेवारी २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड आला, तेव्हा ज्यांच्याकडे मूळ गेम होता त्यांनाही ऑनलाइन खेळण्यासाठी नवाच क्लायंट, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, घ्यावा लागला, आणि त्या क्लायंटमध्ये रँकची शिडी नव्हती, क्लॅन (खेळाडूंचे गट) नव्हते, कस्टम कॅम्पेन (खेळाडूंनी रचलेल्या मोहिमा) नव्हते. रँकची शिडी परत यायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला.

ही तीन उदाहरणे एका सवयीची आहेत. जुन्या गेमच्या नावावर नवा गेम विकायचा, आतले नियम न सांगता बदलायचे, आणि तुलना करता येऊ नये अशा तऱ्हेने मूळ गेम बाजारातून उचलायचा. ही सवय आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून जाहीर.

आम्ही कोण, तर हे गेम विकत घेणारे, त्यांचे नियम फ्रेमपर्यंत (पडद्यावर क्षणोक्षणी बदलणाऱ्या एकेका चित्रापर्यंत) मोजणारे, त्यांच्यासाठी लेव्हल आणि मॉड (गेममध्ये हौसेने केलेले बदल) बनवणारे खेळाडू. डूम या नेमबाजीच्या गेमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) १९९७ मध्ये खुला झाला, आणि तेव्हापासून तो गेम प्रत्येक नव्या यंत्रावर चालता ठेवण्याचे काम मुख्यतः हौशी लोकांनी केले आहे. तुम्ही जुने नाव निवडता ते आमच्यासारख्या गिऱ्हाइकांकडे बघूनच निवडता. त्यामुळे त्या नावाखाली काय विकले जाते हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

तक्रार केली की एक उत्तर ठरलेले असते: लहानपणीचे सगळेच गोड लागते. हे उत्तर आम्ही स्वीकारत नाही. गेमची ओळख त्याच्या नियमांत असते आणि नियम मोजता येतात. आमची तक्रार आठवणींबद्दल असती तर ती फ्रेम, पिक्सेल आणि हेल्थच्या (मार सोसण्याच्या ताकदीच्या) आकड्यांत मांडता आली नसती.

उडी

बाहेरून उडी म्हणजे एक बटण. आत किमान सहा आकडे असतात: सुरुवातीचा वेग, वर जातानाचे गुरुत्वाकर्षण, खाली येतानाचे गुरुत्वाकर्षण (पुष्कळ चांगल्या गेममध्ये हे जास्त ठेवतात, म्हणजे पात्र तरंगत नाही), बटण लवकर सोडले तर वेग किती कापायचा, हवेत दिशा किती बदलू द्यायची, आणि कडेवरून पाय सुटल्यावरही किती फ्रेमपर्यंत उडी मान्य करायची. या शेवटच्या सवलतीला खेळाडू कायोटी टाइम म्हणतात. सेलेस्ट (२०१८) मध्ये ती ०.१ सेकंद आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने सहा फ्रेम. शिवाय उडीच्या माथ्यावर बटण दाबून ठेवले तर तेवढ्या वेळापुरते गुरुत्वाकर्षण निम्मे होते. हे सगळे आम्हाला माहीत आहे, कारण निर्मात्यांनी पात्राच्या हालचालीचा कोड स्वतःच जाहीर केला. त्यामुळे त्यांचे काहीही बिघडले नाही.

आता २०१७ ची क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलजी घ्या. तिन्ही भागांच्या हालचालीचा पाया तिसऱ्या भागावरून घेतला गेला, आणि टक्कर मोजण्यासाठी पात्राभोवती जो अदृश्य आकार असतो त्याचा तळ गोल झाला. १९९६ च्या मूळ गेममध्ये फळीच्या अगदी कडेवर उतरले तरी पात्र उभे राहायचे. नव्यात तिथून ते घसरते. ज्या लेव्हलमध्ये सुट्या फळ्यांचे झुलते पूल आहेत, तिथे हा फरक जीव घेतो. फळ्यांमधले अंतर मूळ उडीच्या हिशोबाने ठेवलेले, उडी मात्र दुसऱ्या गेमची. फरक आहे हे स्टुडिओने गेम बाहेर आल्यावर मान्य केले. ते वेष्टनावर असायला हवे होते.

सॉनिक ४ चा पहिला भाग (२०१०) याहून वाईट होता. उतारावर अंगाचा गोळा करून सोडून दिले की वेग वाढत जातो, हा जुन्या सॉनिकचा पाया आहे. सगळे चढ, उतार आणि लूप त्या एका नियमावर बेतलेले असतात. २०१० च्या गेममध्ये गोळा होऊन वेग वाढेना, हवेत दिशेचे बटण सोडले की पात्र जागच्या जागी थबकायचे, आणि उभ्या भिंतीवर सरळ उभे राहायचे. चित्रे ओळखीची आणि हालचाल पूर्ण अनोळखी. सात वर्षांनी आलेल्या सॉनिक मेनियाने हे दुरुस्त केले. तो गेम ख्रिश्चन व्हाइटहेडसारख्या, आधी हौशीने सॉनिकचे इंजिन नव्याने लिहिणाऱ्या माणसांनी बनवला. नियम मोजून बसलेल्या लोकांच्या हाती काम दिले की काय होते ते तुमच्याच उद्योगाने तिथे पाहिले आहे.

पडद्याच्या रुंदीचीही नोंद घ्या, कारण ती कोणी नियम म्हणून मोजतच नाही. जुन्या सॉनिकचे चित्र ३२० पिक्सेल रुंद होते. पात्र मधोमध धरले तर पुढे १६० पिक्सेल दिसतात. सपाटीवरचा कमाल धावण्याचा वेग फ्रेमला ६ पिक्सेल, म्हणजे समोरचा शत्रू दिसल्यापासून आदळेपर्यंत सुमारे २७ फ्रेम, ०.४४ सेकंद. मेनियाचे चित्र ४२४ पिक्सेल रुंद आहे. पुढे २१२ पिक्सेल दिसतात, ३५ फ्रेम, ०.५९ सेकंद. मेनियाने नव्या जागा या रुंदीला धरून रचल्या. पण १९८०-९० च्या दशकातला गेम तसाच्या तसा १६:९ मध्ये (आजच्या रुंद पडद्याच्या मापात) ताणला की खेळाडूला फुकटचा वेळ मिळतो. आणि ज्या गेममध्ये शत्रू पडद्याच्या कडेला जन्म घेतात, तिथे ते डोळ्यांदेखत हवेतून प्रकट होतात. रुंदी बदलायची तर शत्रूंच्या जागाही बदलाव्या लागतात. त्यासाठी माणूस बसवावा लागतो, नुसती सेटिंग पुरत नाही.

उडी आणि शत्रू ही जोडी आहे, हे कॅसलव्हेनियावरून (१९८६) दिसते. तिथे एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. लाटेसारखी वर-खाली होत येणारी मेड्युसाची मुंडकी म्हणूनच भीतिदायक आहेत: उडी मारण्याआधी त्यांची लाट वाचावी लागते, चुकलात तर धक्का बसून मागे खड्ड्यात. सुपर कॅसलव्हेनिया ४ (१९९१) मध्ये हवेत वळता येते आणि चाबूक आठ दिशांना फिरतो. तो गेम देखणा आहे, पण कुऱ्हाड आणि बूमरँगसारखी जोडशस्त्रे त्यात जवळजवळ बिनकामाची होतात, कारण चाबूकच सगळीकडे पोचतो. एका बाजूला सोय वाढवली की दुसऱ्या बाजूचे काहीतरी मरते. वाढवू नका असे आमचे म्हणणे नाही. काय मरते ते बघा, एवढेच.

शत्रू

सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. उडी बिघडली तर खेळाडूला पहिल्या मिनिटात कळते. शत्रू बिघडले तर गेम नुसता कंटाळवाणा होतो आणि कशामुळे ते बोट ठेवून सांगता येत नाही.

पॅक-मॅन (१९८०) मधली चार भुते बघा. लाल ब्लिंकी पॅक-मॅन ज्या चौकटीत आहे तीच धरतो. गुलाबी पिंकी त्याच्या तोंडाच्या दिशेने चार चौकटी पुढची जागा धरतो. निळा इंकी पॅक-मॅनच्या दोन चौकटी पुढचा बिंदू घेतो, ब्लिंकीपासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर दुप्पट करतो आणि तिथे निघतो. नारिंगी क्लाइड लांब असेपर्यंत पाठलाग करतो, आठ चौकटींच्या आत आला की आपल्या कोपऱ्याकडे पळतो. पहिल्या लेव्हलची सुरुवात सात सेकंद कोपऱ्यात, वीस सेकंद पाठलाग अशी. चित्र चौघांचे एकच, फरक रंगाचा. तरीही चार वेगळे स्वभाव, आणि चौघे मिळून घेराव. शत्रू लक्षात राहतो तो असा: त्याचा नियम छोटा असतो, खेळून कळतो, आणि दुसऱ्या शत्रूच्या नियमाशी जोडला की नवा पेच तयार होतो.

डूम २ (१९९४) याच रीतीने चालतो. इम्प ६० हेल्थचा. त्याचा आगीचा गोळा संथ येतो, बाजूला सरता येते. पिंकी डीमन १५० चा आणि फक्त चावतो, त्याचे काम वाट अडवणे. चेनगनवाला जेमतेम ७० चा, पण त्याची गोळी चुकवताच येत नाही, म्हणून खोलीत शिरल्यावर पहिला नंबर त्याचा. रेव्हनंट ३०० चा. त्याच्या ज्या क्षेपणास्त्रामागे धूर असतो ते पाठलाग करते, बाकीचे सरळ जाते. आर्च-व्हाइल ७०० चा, मेलेल्यांना उठवतो, आणि त्याची आग भडकते त्या क्षणी तुम्ही भिंतीआड असाल तर केसालाही धक्का लागत नाही. सायबरडीमन ४,०००. प्रत्येकाला एक काम, आणि लेव्हल रचणाऱ्याने कोणाशेजारी कोणाला उभे केले यावर लढाईची चव ठरते.

त्यावर आपसातल्या मारामारीचा नियम. एका राक्षसाचा वार दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की तो खेळाडूला सोडून त्याच्यावर उलटतो. इम्पचा गोळा इम्पला लागत नाही, हेल नाइट आणि बॅरन एकमेकांना आपले मानतात, पण बंदूकवाले शिपाई आपल्याच जातभाईलाही गोळी घालतात. आर्च-व्हाइलवर मात्र कोणी उलटत नाही. त्यामुळे गोळ्या संपलेला खेळाडूही जागा धरून, दोन राक्षसांना एका रेषेत आणून लढाई जिंकू शकतो. हा नियम काढून टाकलात किंवा शोभेपुरता ठेवलात, तर सगळे प्रश्न बंदुकीनेच सोडवावे लागतात, आणि मग गोळ्या पुरवण्यासाठी तुम्हाला दुसरी यंत्रणा बसवावी लागते.

डूम इटर्नल (२०२०) मधल्या मॉरॉडरबद्दल खेळाडूंत दोन तट आहेत. त्याचा नियम असा: फार जवळ गेलात तर तो शॉटगन मारतो, फार लांब राहिलात तर लांबून वार फेकतो, मधल्या अंतरावर राहिलात तर कुऱ्हाड घेऊन येतो आणि डोळे हिरवे चमकतात. त्या चमकेच्या क्षणी मारलेले लागते, एरवी ढाल सगळे अडवते, गेममधली सगळ्यात मोठी बंदूक बीएफजीसुद्धा. आमचे मत: शत्रू म्हणून तो चांगला आहे. नियम स्वच्छ आहे, खूण दिसते, हातघाईला अर्थ आहे. चूक त्याच्या नेमणुकीत आहे. सतत धावा, शस्त्र बदला, थांबू नका असे शिकवणाऱ्या गेममध्ये थांबून वाट बघायला लावणारा शत्रू गर्दीत सोडला की ती हिरवी चमक इतर रंगीत स्फोटांत हरवते, आणि खेळाडूला हरल्याचे कारणच कळत नाही. त्याला मोकळी जागा द्या, फार तर एक-दोन हलके साथीदार द्या. तोच शत्रू लोकांना आवडेल.

हेल्थ वाढवून अवघडपणा विकण्याची सवय मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. इथे तुमच्या बाजूचे एक सत्य आधी मान्य करतो. पहिल्या हेलोच्या (२००१) निर्मात्यांनी जाहीर व्याख्यानात सांगितले होते की तोच एआय ठेवून शत्रूची हेल्थ वाढवली, तर चाचणीत खेळणाऱ्यांना शत्रू जास्त हुशार वाटला. कारण उघड आहे: शत्रू चार सेकंद जगला तर आडोसा घेतो, बाँब टाकतो, मागे सरतो, आणि हे खेळाडूला दिसते. अर्ध्या सेकंदात मेला तर काही दिसत नाही. म्हणजे हेल्थ हा शत्रूला आपली करामत दाखवायला दिलेला वेळ आहे. करामती तीन असतील आणि त्या दहा सेकंदांत दाखवून झाल्या, तर पुढचे तीस सेकंद खेळाडू नुसते बटण दाबत बसतो. वरच्या डिफिकल्टीला हेल्थ दुप्पट करण्याआधी त्या शत्रूला चौथी करामत द्या. ती देता येत नसेल तर हेल्थ तशीच ठेवून खेळाडूला बसणारा मार वाढवा, किंवा एकाऐवजी दोन वेगळ्या कामांचे शत्रू एकत्र आणा.

शत्रू ओळखू येणे हाही नियमच आहे. लेफ्ट फॉर डेड (२००८) मध्ये प्रत्येक खास झोंबीची आकृती अंधारात नुसत्या काळ्या सावलीवरून कळते आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे; दिसण्याआधी ऐकू येतो. त्याच घराण्याचा वारस म्हणून आलेल्या बॅक फॉर ब्लडमध्ये (२०२१) टॉलबॉय, क्रशर आणि ब्रुझर हे एकाच धडाचे तीन प्रकार आहेत. एक आपटतो, एक पकडतो. लांबून फरक कळत नाही, कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. फिअर (२००५) मधले शिपाई एकमेकांना ओरडून सांगतात की बाजूने जा, आडोसा घे, तो इथे लपलाय. निर्णय आधी झालेला असतो, आरोळी नंतर जोडलेली असते, पण त्या आरोळीमुळेच खेळाडूला शत्रूचा बेत ऐकू येतो. हे सगळे कमी खर्चाचे आहे. आजच्या चित्रांवर होणाऱ्या खर्चाशी तर तुलनाच नको.

शत्रूंची ताकद खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढवण्याबद्दल थोडक्यात: ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) वरच्या लेव्हलला साधा वाटमाऱ्या मौल्यवान काचेचे चिलखत घालून शंभर नाण्यांसाठी अडवतो. हे तेव्हाही चुकीचे होते. जुनी चूक आठवणीच्या नावाखाली जपण्याची गरज नाही.

बंदुका, धुके, अंधार

ड्यूक न्यूकेम थ्रीडी (१९९६) मध्ये सगळी शस्त्रे एकाच वेळी जवळ असतात. शत्रूला लहान करणारे श्रिंकर, भिंतीला चिकटवायचा लेझरचा सुरुंग, दूरवरून उडवायचे पाइप बाँब ही सगळी प्रसंगाची हत्यारे आहेत, रोजची नव्हेत. ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर (२०११) आला तो दोनच शस्त्रांची मर्यादा घेऊन. दोनच जागा असल्या की कोणीही शहाणा खेळाडू रोजच्या कामाची दोन शस्त्रे धरून ठेवतो आणि प्रसंगाची हत्यारे जमिनीवर सोडतो. म्हणजे जी गंमत त्या नावाची ओळख होती ती गेममध्ये असूनही कोणी वापरली नाही. आपोआप भरणाऱ्या हेल्थने दुसरे नुकसान केले. औषधाची पेटी शोधायची गरज संपली, म्हणून भिंतीमागच्या गुप्त खोल्या शोधायचेही कारण संपले. नंतरच्या पॅचमध्ये (गेम आल्यावरच्या दुरुस्तीत) चार शस्त्रांची सोय दिली गेली. तोवर लोक निघून गेले होते.

सायलेंट हिलच्या २०१२ च्या एचडी संग्रहात धुके विरळ झाले, कारण काम करणाऱ्यांच्या हाती अंतिम सोर्स कोड नव्हताच, अपुरा होता. ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियासच्या २०२१ च्या आवृत्तीत लांबचे धुरकट वातावरण काढले, आणि प्रचंड वाटणारा नकाशा एका टेकडीवरून सगळाच्या सगळा दिसू लागला. ते वातावरण २०२४ च्या शेवटी पॅचने परत आणावे लागले. डूम ३ (२००४) मध्ये बॅटरी धरायची की बंदूक, दोन्ही एकदम नाही. हा नियम अनेकांना नकोसा होता, पण अंधारातल्या सगळ्या जागा त्या निवडीवर रचल्या होत्या. २०१२ च्या आवृत्तीत बॅटरी चिलखतावर बसवली, आणि त्या जागांतली भीती ओसरली. तांत्रिक मर्यादेतून आलेली गोष्टही रचनेचा भाग होऊन बसते. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये ५५ शत्रू असतात आणि मरतील तसे उरलेले वेगाने येतात, कारण यंत्राला हलवायला कमी चित्रे उरतात. तो वेग कोणी मुद्दाम लिहिलेला नव्हता. आज तो काढला तर गेम उरणार नाही.

बटण आणि पडदा यांतला वेळ

काचेच्या जुन्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत फार थोडा वेळ जायचा. आज टीव्हीची चित्र-प्रक्रिया, एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि बिनतारी कंट्रोलर यांचा उशीर एकत्र होतो. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. पाच फ्रेम वाढल्या की जिथे प्रतिक्रियेला बारा फ्रेम दिल्या होत्या तिथे सातच उरतात, आणि खेळाडूला वाटते आपलाच हात मंदावला.

हे कोणालाही मोजता येते. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, उडीचे बटण दहा वेळा दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण खाली गेल्यापासून पात्र पहिल्यांदा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि सरासरी काढा. २४० च्या हिशोबात एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंद, म्हणजे २४ फ्रेम आल्या तर १०० मिलिसेकंद. दहा वेळा अशासाठी की प्रत्येक वेळी बटण गेमच्या फ्रेमच्या वेगळ्या टप्प्यावर पडते. टीव्हीचा गेम मोड आधी सुरू करा, नाहीतर मोजमाप टीव्हीचेच व्हायचे. उडीही अशीच मोजता येते: जुना आणि नवा गेम ६० फ्रेमवर रेकॉर्ड करा, हलकेच दाबलेल्या आणि पूर्ण दाबलेल्या उडीच्या जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. आम्ही हे घरी करतो. तुमच्या चाचणी विभागाला ते अवघड नसावे.

प्लेस्टेशन क्लासिकमध्ये (२०१८) काही गेम, टेकन ३ सुद्धा, ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० चित्रांच्या) युरोपीय आवृत्तीचे घातले गेले. ६० ऐवजी ५० म्हणजे सुमारे १७ टक्के मंद. ६० हर्ट्झच्या आवृत्त्या अस्तित्वात असताना हे झाले.

बदलाला आमचा विरोध नाही

२००२ च्या रेसिडेंट ईव्हिलच्या रिमेकने झोंबींना नवा नियम दिला: प्रेत जाळले नाही किंवा डोके उडवले नाही तर काही वेळाने ते लाल होऊन, जास्त वेगाने उठते. त्यामुळे मूळचाच प्रश्न, गोळी खर्च करायची की चुकवून जायचे, अधिक टोकदार झाला. त्यात जाळायच्या रॉकेललाही सामानात जागा लागणार. २०१९ च्या दुसऱ्या भागाच्या रिमेकने कॅमेरा, नेमबाजी, सगळे बदलले, पण सामानाची टंचाई, सामान ठेवायची पेटी आणि मागे लागणारा टायरंट हा राक्षस यांचे ओझे तसेच ठेवले. स्ट्रीट्स ऑफ रेज ४ (२०२०) तर आम्ही नमुना म्हणून दाखवतो. दुसऱ्या भागात खास फटका मारला की हेल्थ जायची, म्हणून लोक तो जपून ठेवायचे. चौथ्या भागात ती हेल्थ हिरवी होऊन राहते आणि मार न खाता पुढचे फटके लागले तर परत मिळते. किंमत तीच, पण आता वापरायची इच्छा होते. मेगा मॅन ९ (२००८) ने उलट वाट धरली. घसरणे काढले, साठवून मारणे काढले, आणि दुसऱ्या भागाच्या साधेपणावर परत गेला. दोन्ही वाटा योग्य, कारण दोन्हीकडे मूळ नियम कशासाठी होता हे समजून घेतलेले आहे.

आमच्या मागण्या

१. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी काढू नका. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के अधिकृतपणे विकत मिळत नाहीत असे दिसले. त्यात भर घालू नका. गाण्यांच्या परवान्यामुळे काढावीच लागली, तर किमान तीन महिने आधी जाहीर करा.

२. काय बदलले त्याची यादी विक्रीच्या पानावर द्या: उडीच्या फ्रेम, शत्रूंची हेल्थ, बदललेल्या चाली, काढलेले भाग. रेसिडेंट ईव्हिल ३ च्या २०२० च्या रिमेकमध्ये घड्याळाच्या मनोऱ्याच्या आतला भाग नाही, हे विकत घेण्याआधी कळायला हवे.

३. चित्रांची निवड आणि नियमांची निवड वेगळी ठेवा. स्टारक्राफ्टच्या २०१७ च्या रिमास्टरमध्ये एफ५ दाबले की जुने चित्र येते, आणि एका वेळी बाराच युनिट निवडण्याची मर्यादा नव्या चित्रातही कायम आहे, कारण सगळा तोल तिच्यावर उभा आहे. डायब्लो २: रिझरेक्टेडमध्ये त्याच कामासाठी 'G' हे बटण आहे. टूम रेडरच्या २०२४ च्या संचात जुने कंट्रोल ठेवले आहेत, आणि ते लागतातच: जागा चौकटींत आखलेल्या, कडेला उभे राहा, एक उडी मागे घ्या, धावत येऊन झेप घ्या, की अंतर बरोबर बसते. नव्या कंट्रोलवर हा हिशोब जमत नाही. ही सोय सर्वत्र हवी.

४. अवघडपणा कमी-जास्त करायचे पट्टे सुटे द्या. शत्रूची हेल्थ एक, त्याचा मार दुसरा, त्याची चलाखी तिसरा.

५. बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर मोजून छापा, आणि ६० हर्ट्झची आवृत्ती असताना ५० ची देऊ नका.

६. सर्व्हर बंद करताना गेम एकट्याने खेळता येईल असा शेवटचा पॅच द्या. मार्च २०२४ अखेर द क्रू बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेला गेम कोणालाच चालवता येईना.

७. सोर्स कोड आणि मूळ साहित्य अंतिम स्वरूपात जपा, कमीत कमी दोन ठिकाणी. सायलेंट हिलचे जे झाले ते पुन्हा होऊ नये.

यांपैकी दुसरी आणि पाचवी मागणी येत्या प्रकाशनापासून अमलात आणता येईल. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही, माणसेही वाढवावी लागत नाहीत. कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे नावासह जाहीर लिहावे, ही विनंती.

आपले,
जुने गेम खेळणारे, मोजणारे आणि चालते ठेवणारे खेळाडू